दोन्ही बंद

प्रयोगशाळेत तिला सगळे वजाबाकीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण फार पाठीमागेही नाही. दार उघडं असायचं आणि तिचे कान शाबूत होते. तिला त्याचा राग नव्हता. शिंप्याला शिंपी म्हणतात, सुताराला सुतार. हिचं काम वजाबाकीचं होतं, तर हिला वजाबाकीबाई म्हणाले, यात रागावण्यासारखं काय होतं?

आता ही वजाबाकी कसली, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. घाबरू नका, फार खोलात शिरायचं नाही. सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा असतो. त्यात मुद्दाम भेसळ केलेली असते, दुसऱ्याच कुठल्या मूलद्रव्याच्या अणूंची, आणि ते अणू आत कसेही विखुरलेले असतात. त्या प्रत्येक परक्या अणूपाशी एकेक इलेक्ट्रॉन अडकून बसतो. तुकडा भयंकर थंड केला की हे इलेक्ट्रॉन जागचे हलायचं नाव घेत नाहीत. कुणाचा खड्डा खोल, कुणाचा उथळ, आणि वर एकमेकांशी वैर: एक जरा सरकला की शेजारच्याला ते सोसत नाही. थोडक्यात, भाडेकरूंनी भरलेली जुनी इमारत. अशा इमारतीत एकाच्या घरात भांडं पडलं तर त्याचा आवाज त्या घरापुरता राहतो की सगळ्या मजल्यांवर बोभाटा होतो, एवढंच या मंडळींना शोधायचं होतं. एवढंच म्हणायचं, पण माणसांची आयुष्यं जातात त्यात.

शोधायला टेराहर्ट्झ नावाचा प्रकाश वापरतात. तो डोळ्यांना दिसत नाही. रेडिओच्या लहरी एका बाजूला आणि उष्णतेचे किरण दुसऱ्या बाजूला, त्यांच्या मधल्या पट्ट्यातला हा. आणि इतका नाजूक की हवेतल्या दमटपणानंसुद्धा बावचळतो, म्हणून सगळी मांडणी कोरड्या हवेच्या पेटीत. लेझरच्या मदतीनं या प्रकाशाचा एक झटका तुकड्याला द्यायचा, थोडं थांबून दुसरा द्यायचा, आणि तुकडा काय उत्तर देतो ते टिपायचं. पहिल्या झटक्याचं उत्तर एक, दुसऱ्याचं दुसरं. पण दोन्ही मिळून दिले की जे येतं ते या दोन उत्तरांच्या बेरजेइतकं नसतं, किंचित वेगळं असतं. त्या किंचितासाठी सगळा खटाटोप. म्हणून दोन्हींचं उत्तर घ्यायचं, त्यातून पहिल्या एकट्याचं वजा करायचं, दुसऱ्या एकट्याचं वजा करायचं, आणि उरेल त्यावर डोळ्यांत तेल घालून बसायचं.

शिवाय आणखी एक मोजणी असते, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दोन्ही झटके बंद ठेवायचे. प्रकाशाच्या वाटेत फिरत्या चकत्या असतात, त्या दोन्ही वाटा अडवतात. तुकड्याला कुणी काही करत नाही, आणि तरी यंत्र मोजत राहतं. तेव्हा काही यायला नको. आलंच, तर ते तुकड्याचं नसून खोलीचं असतं, कुठल्या पंपाचं नाहीतर पंख्याचं, आणि ते हिशेबातून बाहेर काढावं लागतं. वजाबाकीबाई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत असे, "बाकी काही चुकलं तर सांभाळून घेता येईल. 'दोन्ही बंद' चुकवू नका." तिच्या तोंडून दिवसभरात निघणारं हे सर्वांत लांबलचक बोलणं.

बोलण्याच्या बाबतीत ती अगदीच चिक्कू. 'हो', 'नाही' आणि 'हं' एवढ्या भांडवलावर तिनं शिक्षण पुरं केलं, नोकरी मिळवली आणि लग्नही केलं.

लग्नाची कथा अशी. एकदा 'दोन्ही बंद'मध्ये काहीतरी वळवळ दिसायला लागली. सगळ्यांनी हात वर केले. हिनं ठाण मांडलं आणि शोधून काढलं की भिंतीपलीकडची लिफ्ट तळमजल्यावर टेकली की तिच्या मोटारीचा हादरा यांच्या टेबलापर्यंत पोचतो. तक्रार गेली, लिफ्टच्या कंपनीनं माणूस पाठवला. माणूस हसतमुख, कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला, आणि तोंडाची टकळी चालू.

"मॅडम, लिफ्ट बंद पडली म्हणून बोलावणारे रोज भेटतात. चालते म्हणून तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

"हादरा," ती म्हणाली.

"कळलं. घालवतो."

आणि खरंच घालवला. पण त्यानंतरही तो अधूनमधून येत राहिला, लिफ्टची तब्येत बघायला. इतक्या ठणठणीत लिफ्टची इतकी काळजी कुणी घेत नसतं, हे शिपायाच्या लक्षात आलं, थंडाव्याची यंत्रणा सांभाळणाऱ्या बर्फवालीच्या लक्षात आलं, आणि सगळ्यांत शेवटी हिच्या.

संसार दोन खोल्यांचा, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. हा विनोद त्यानं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला धापा टाकत असतानाच ऐकवला. सोबत सासूबाई. त्या जन्मभर टेलिफोन खात्यात जोडणीच्या कामावर होत्या. आवाज खणखणीत, आणि पलीकडून कुणी बोलेपर्यंत पिच्छा न सोडण्याची सवय. म्हणजे घरात बोलणारे दोघं आणि ऐकणारी एक, आणि हे तिघांनाही मानवलं होतं. तो संध्याकाळी हातपाय धुता धुताच सुरू होई. कोण कुठल्या मजल्यावर अडकलं, कोण रडलं, कुठल्या भांडकुदळ जोडप्याचा अडकल्यावर समेट झाला. ती "हं" म्हणे. मग तो विचारी, "तुझ्या अडकलेल्यांची काय खबर?" ती म्हणे, "थंड आहेत." यावर तो आईकडे वळून म्हणे, "बघ, आज केवढी बोलली!"

एका सकाळी तो बूट घालायला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. नाडीशी झटापट चालली असेल असं वाटून ती डबे भरत राहिली. मग तो एका कुशीवर कलंडला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, काही दिवसांनी डोळेही उघडले; पण ते कशाकडेच बघत नव्हते. पापण्या लवत होत्या, त्या कुणासाठी लवत नव्हत्या.

ती लगोलग कामावर रुजू झाली. लोकांना याचं मोठं कौतुक. "किती खंबीर आहेत हो!" असं लोक तिच्या देखत एकमेकांना सांगत. लोकांचं एक बरं असतं, दुसऱ्याच्या दुःखाला नाव दिलं की त्यांना घरी जाऊन जेवता येतं. खंबीर कसली? बधिर झाली होती. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो, दिसतो आपलाच, पण चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो. तशी ती आपादमस्तक झाली होती. ती दात घासत होती, बस पकडत होती, लेझर चालू करत होती. भाजीत मीठ नाही हे सासूबाईंनी ताट सरकवल्यावरच तिला कळलं. रडू येत नव्हतं, भीती वाटत नव्हती, आणि आपल्याला काहीच कसं वाटत नाही याची लाजसुद्धा वाटत नव्हती. नवऱ्याशी ती एक शब्द बोलली नव्हती. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. इतक्या वर्षांत बोलायला सुरुवात तो करायचा.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी काही हातचं राखलं नाही. त्या म्हणाल्या, "या वॉर्डात आम्ही व्यायाम देतो, उपचार देतो, रोज मेहनत घेतो. पण पेशंटकडून काहीतरी प्रतिसाद दिसायला हवा. बोट हलू दे, नजर वळू दे, काहीही. येत्या शुक्रवारी मी तपासते. काही दिसलं तर ते इथंच राहतील. नाही दिसलं तर त्यांना गावाबाहेरच्या केंद्रात हलवावं लागेल. तिथं नीट सांभाळतात. पण फक्त सांभाळतात."

"म्हणजे तिथून कुणी बरं होत नाही?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून सासूबाईंनी जेवण टाकलं. दोन घास चिवडायच्या आणि उठायच्या.

आता हे मोजण्याचं काम म्हटल्यावर वजाबाकीबाई आपोआप जागी झाली. तिला आशा वगैरे वाटली नाही, फक्त काय करायचं असतं ते ठाऊक होतं. वॉर्डात खाटेशेजारी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या असत. एकीवर सासूबाई, दुसरीवर ही. आधी सासूबाईंनी एकट्यानं हाक मारायची, "सोन्या! ए सोन्या!" काही नाही. मग हिनं एकटीनं तळहात दाबायचा. काही नाही. मग दोन्ही एकदम: तिकडून हाक, इकडून दाब. आणि थांबायचं.

पहिल्याच संध्याकाळी, थांबल्या थांबल्या, त्याच्या उजव्या हाताची तर्जनी उचलली गेली. फार नाही, चादरीवरून कागद सरकेल एवढी. मग पुन्हा खाली.

सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "लागली! लागली गं लाइन!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही. नुसत्या हाकेला काही नाही, नुसत्या दाबण्याला काही नाही, दोन्ही मिळून केलं की बोट. याहून स्वच्छ उत्तर प्रयोगशाळेतसुद्धा क्वचित मिळतं. सासूबाई त्या रात्री पोटभर जेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला, झाडू मारणाऱ्या बाईला, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावाला सांगितलं, "माझी सून शास्त्रज्ञ आहे. तिचं मोजमाप कधी चुकत नाही." नर्स म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच. मी डॉक्टरांना सांगून ठेवते."

ती "हं" म्हणाली. पण बसमधून घरी जाताना आपण खिडकीबाहेर बघतोय हे तिच्या लक्षात आलं. बरेच दिवस तिनं खिडकीबाहेर पाहिलं नव्हतं.

गुरुवारी प्रयोगशाळेत सरांनी बैठक घेतली. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. हुशार, उतावळे, आणि पुढच्या महिन्यात परिषदेला जायचं म्हणून सध्या तर फारच उतावळे. लेझरचा वेळ पुरत नव्हता.

"हे बघा," ते म्हणाले, "आपला पाव वेळ 'दोन्ही बंद'वर जातो. तिथं गेल्या कित्येक महिन्यांत काही आलंय का? शून्य! मग मोजायचं कशाला? टाकूया काढून."

"तुकडा थंड करायचा माझा हेलियमही वाचेल," बर्फवाली म्हणाली.

"काढायचं नाही," वजाबाकीबाई म्हणाली.

"अहो, पण का?"

"तिथं शून्य येतं हे आपल्याला मोजतो म्हणून कळतं. मोजायचं सोडलं की ते आपण नुसतं धरून चालणार. मग बाकीच्यांत जे काही दिसेल ते तुकड्याचंच आहे असं वाटायला लागेल. आपल्याला तेच हवं असतं, म्हणून तर जास्तच वाटेल. हवं ते दिसलं की माणूस पंखा बंद करून बघायला उठत नाही, सर."

सर हसले. "वर्षाचं बोलणं आज एका दमात झालं. बरं बाई, राहू दे तुमचं 'दोन्ही बंद'."

पण तिचं सरांकडे लक्ष नव्हतं. ती स्वतःचंच वाक्य ऐकत होती. हाक एकटी झाली होती, स्पर्श एकटा झाला होता, दोन्ही मिळून झालं होतं. हाक नाही, स्पर्श नाही, आणि नुसतं बोटाकडे बघत बसायचं, हे तिनं एकदाही केलं नव्हतं. शिकाऊ पोरांच्या कानीकपाळी ओरडून जे सांगितलं, तेच नेमकं स्वतः गाळलं होतं. आणखीही एक होतं. नुसती हाक मारली की दोघी क्षणभर बघत आणि सोडून देत. नुसतं दाबलं की तसंच. दोन्ही मिळून केलं की मात्र श्वास रोखून, कितीही वेळ, बोट हलेपर्यंत बसत. हे मोजमाप कुणी तिच्यासमोर आणलं असतं तर तिनं ते वाचून बाजूला ठेवलं असतं. विसरले म्हणावं तर असं विसरणारी ती नव्हती. ती उठली, बेसिनपाशी गेली, आणि काही कारण नसताना तिनं हात धुतले.

संध्याकाळी वॉर्डात सासूबाई खाली चहा घ्यायला गेल्या तेव्हा ती एकटी खुर्चीवर बसली. हात स्वतःच्या मांडीवर ठेवले. तोंड मिटलेलं. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं, बाहेर ट्रॉलीची चाकं कुरकुरत होती. काही झालं नाही. आणखी वेळ गेला, तरी काही झालं नाही, आणि तिच्या मनात आलं, बास झालं की आता, उठावं. ती उठली नाही. खाटेच्या पायथ्याशी हवेच्या गादीचा पंप टांगलेला होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून गादीचे कप्पे आळीपाळीनं भरतात आणि रिकामे होतात. हे तिला पहिल्या दिवशी नर्सनं सांगितलं होतं आणि तिनं "हं" म्हटलं होतं. पंपाचा सूर किंचित बदलला. त्याच्या मनगटाखालचा कप्पा हळूहळू फुगला, मनगट कललं, आणि तर्जनी उचलली गेली. चादरीवरून कागद सरकेल एवढी. मग कप्पा बसला आणि बोट खाली आलं.

ती तशीच बसून राहिली. कप्पा पुन्हा फुगला, बोट पुन्हा उचललं. तिला काही वाटलं नाही. इतके दिवस जसं काही वाटत नव्हतं, तसंच.

सासूबाई पदर सावरत आल्या. "लावायची ना लाइन?"

"आज नको, आई. उद्या डॉक्टर येणार. त्याला विश्रांती घेऊ दे."

"तेही खरंच." त्या खुर्चीवर टेकल्या आणि मुलाच्या कपाळावरचे केस मागं सारू लागल्या. "उद्या घाई नाही करायची हं. डॉक्टरीणबाई आल्या की मी हाक मारीन, तू दाब. त्यांना म्हणावं, जरा दम धरा, बोलतो तो. उशिरा बोलतो, पण बोलतो."

घरी त्या रात्री सासूबाईंनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. ही त्यांच्याकडे बघत बसली. मनातल्या मनात तिचा हिशेब चालला होता, आणि तो फार वाईट हिशेब होता. उद्या काही न सांगता जसं चाललंय तसं चालू दिलं, तर बोट हलेलही किंवा हलणारही नाही. डॉक्टरीणबाई काही गादी फुगेपर्यंत थांबणार नाहीत. पण आता तिला पंपाचा सूर कळला होता. सूर बदलतोय असं वाटलं की सासूबाईंना खूण करायची, हाक, दाब, आणि बोट. हमखास. सगळ्यांच्या देखत. तो त्या वॉर्डात राहिला असता, त्याला रोज व्यायाम मिळाला असता, आणि कुणी सांगावं, त्या मेहनतीनं कधीतरी खरंच काही हललं असतं. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला ती खाट मिळाली नसती, एवढंच. ज्याचं बोट खरंच हललं असतं, अशा कुणाला. त्या कुणाचा चेहरा तिला दिसत नव्हता. सासूबाईंचा दिसत होता, आणि त्या ताटातला शेवटचा घास बोटानं पुसून घेत होत्या.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई नर्सला घेऊन आल्या. "ऐकलं मी. बोट हलवतात म्हणे. दाखवा."

सासूबाई पुढं सरसावल्या. साडी नेटकी, केस चापूनचोपून बसवलेले. त्यांनी घसा साफ केला. हिनं सवयीनं त्याचा तळहात हातात घेतला होता. पंप एका सुरात चालला होता. तो सूर आता बदलणार हे तिला कळलं. सासूबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं.

"थांबा, आई," ती म्हणाली.

तिनं त्याचा हात होता तसा गादीवर ठेवला आणि आपला काढून घेतला. "हाक मारू नका. मीही काही करत नाही. डॉक्टर, कुणी काही करू नका. फक्त बोटाकडे बघा."

सासूबाईंना वाटलं, हीसुद्धा काहीतरी शास्त्रातली रीत असेल. त्या आज्ञाधारकपणे मागं झाल्या, ओठ घट्ट मिटून. सगळे बघत उभे राहिले. सूर बदलला, कप्पा फुगला, मनगट कललं. बोट उचललं गेलं.

नर्स "हललं!" म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी आधी बोटाकडे पाहिलं, मग मनगटाखाली, मग पायथ्याशी. त्यांनी वाकून त्या कप्प्यावर तळहात ठेवून पाहिला. मग त्यांनी त्याच्या डोळ्यांत उजेड टाकला, नखं दाबली, कानाशी टाळी वाजवली. सगळं व्यवस्थित, घाई न करता. शेवटी त्या सरळ उभ्या राहिल्या.

"सोमवारी हलवू त्यांना," त्या म्हणाल्या. आणि मग हिच्याकडे बघून, जरा खालच्या आवाजात, "सांगितलंत ते बरं केलंत."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. सासूबाई अजून बोटाकडेच बघत होत्या. त्यांना कळायला थोडा वेळ लागला आणि मग सगळं एकदम कळलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं होतं गं तुला हे बघायला?"

आवाज चढलेला नव्हता. तो खणखणीत आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

"कुणी नाही, आई."

"मग कशाला बघितलंस?"

याचं उत्तर तिला देता आलं असतं. कालच सरांना दिलं होतं. पण ते इथं चालणार नव्हतं, आणि दुसरं तिच्याकडे नव्हतं. सासूबाई खुर्चीवरची पिशवी उचलून बाहेर व्हरांड्यात निघून गेल्या. नर्सनं खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. या बायका बोलत नाहीत, पण कुणाला कधी एकटं सोडावं ते त्यांना बरोबर कळतं.

ती खुर्ची पुढं ओढून बसली. त्याचा हात गादीवरून उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतला. इथं गादी पोचत नव्हती. आता जर काही हललं असतं तर ते त्याचं असतं. नियमानं एकदा हाक मारून बघायला हवी होती. तेवढी एक मोजणी बाकी होती. तिनं तोंड उघडलं, पण हाक बाहेर आली नाही, भलतंच आलं.

"अरे, आज दूध उतू गेलं," ती म्हणाली.

आपलाच आवाज ऐकून ती दचकली. मग म्हणाली, "आई शेगडीपाशी उभ्या होत्या. मीही उभी होते. दोघी बघत होतो आणि दोघींनी गॅस बंद केला नाही. सगळं खाली सांडलं. मग मी पुसायला घेतलं तर आई म्हणाल्या, राहू दे, आधी दवाखान्यात जाऊ." त्याचे डोळे छताकडे होते. "आणि काल मी सरांशी भांडले. खरंच. इतकं बोलले की ते हसायला लागले. तू असतास तर आईला सांगितलं असतंस. बर्फवालीनं तुझी चौकशी केली. रोज करते. मी नुसतं बरा आहे म्हणते. काय सांगू तिला? आणि आपली ती बाल्कनीतली दोरी तुटलीये. मी गाठ मारली, पण ती काही नीट बसली नाही. आई माझ्यावर रागावल्यात रे. त्यांचं काही चुकलेलं नाही. मला तू इथंच हवा होतास. मला फार हवा होतास. पण तसं करून नाही..."

इथं आवाज फुटला. इतके दिवस कुठं दडून बसलं होतं ते रडू आलं, आणि अगदी वाईट आलं, नाकातोंडातून, श्वास कोंडत. पाय झोपेतून जागा होताना आधी मुंग्या येतात आणि मग तो असह्य दुखायला लागतो, तसं ते सगळीकडून दुखायला लागलं. तिनं तोंडावर ओढणी दाबली, मग ती बाजूला केली, कारण तोंड बंद ठेवून बोलता येत नव्हतं आणि अजून पुष्कळ सांगायचं राहिलं होतं. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या भाडेकरूचं, जिन्यातल्या दिव्याचं, तुकडा बदलला त्याचं, नवीन तुकड्यातले इलेक्ट्रॉन कसे आहेत त्याचं.

व्हरांड्यातून सासूबाई परत आल्या त्या पडद्याशी थबकल्या. आत सून बोलत होती. त्यांनी पडद्याला हात लावला, पण बाजूला केला नाही. त्या तिथंच भिंतीला टेकून ऐकत उभ्या राहिल्या.

आत ती बोलत होती. नाक पुसत होती आणि बोलत होती. त्याचा हात तिच्या दोन्ही हातांत होता, आणि बोटाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.